लिंबास अडथळा समजावे काय?

कुशल आणि कामाक्षी यांच्या लग्नाला माझा वैयक्तिक विरोध कधीच नव्हता. विरोध प्रक्रियेचा होता. प्रक्रिया विभागाचा प्रमुख मी असल्यामुळे तो मला जाहीर करावा लागला, इतकेच. तरीही चेन्नईच्या मराठी मंडळात आजवर माझा उल्लेख 'लग्नअडवे माधवराव' असा होतो आणि गणेशोत्सवात आरतीचे ताट माझ्यापर्यंत येते तेव्हा कापूर विझलेला असतो. म्हणून घडले ते क्रमाने सांगतो. ज्यांना प्रक्रिया कळते त्यांना माझी बाजू पटेल. ज्यांना कळत नाही त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचावे.

आमची कंपनी अड्यारला, कॉफी दळून देणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मोटारींच्या पोटात जे छोटे संगणक बसवतात, त्यांचे सॉफ्टवेअर आम्ही तयार करत असू. 'लिहीत असू' असे मी म्हणत नाही, कारण ही नव्या शतकातली गोष्ट आहे आणि सॉफ्टवेअर हाताने लिहिणे तोवर मागासलेपणाचे ठरले होते. पडद्यावर चौकोन काढायचे आणि बाणांनी जोडायचे. ह्या चित्राला मॉडेल म्हणतात. कळ दाबली की मॉडेलातून सॉफ्टवेअर आपोआप बाहेर पडते, जसे खालच्या दुकानात बिया टाकल्या की पूड पडे. चौकोन काढणारे ते डिझाइनवाले. ते बरोबर आहेत का हे तपासण्यासाठी दुसरी माणसे आपले वेगळे चौकोन काढतात, ते व्हॅलिडेशनवाले. दोन्हींचे पटले की पडद्यावर हिरवे दिसते. हिरवे दिसले की गिऱ्हाईक सही करते.

ह्यात एक कलम फार मोलाचे आहे. काढणारा आणि तपासणारा यांच्यात कोणतेही नाते असू नये. आमच्याकडे दोन्ही विभागांमध्ये काचेची भिंत होती आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचा मनापासून तिरस्कार करत. डिझाइनवाले मेसमधून सांबारभात खाऊन परतल्याशिवाय व्हॅलिडेशनवाले रसमभात खायला उठत नसत. बाहेरून आलेल्या ऑडिटरने हा तिरस्कार डोळ्यांनी पाहून 'अनुकरणीय' असा शेरा दिला होता. तो शेरा मी चौकटीत बसवून केबिनमध्ये लावला होता.

कुशल हा सांगलीचा, डिझाइनमधला. कामाक्षी ही तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली, व्हॅलिडेशनमधली. सुरुवातीला त्यांचे सर्व काही सुरळीत होते. ती त्याच्या चौकोनांवर 'चूक' एवढाच शेरा मारी आणि तो काचेपलीकडून तिच्याकडे दात खाऊन बघे. पुढे 'चूक'ऐवजी 'चूक वाटते' येऊ लागले. एके दिवशी 'जमल्यास पुन्हा बघाल का, घाई नाही' असा शेरा माझ्या नजरेस पडला आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी दोघांनाही बोलावून घेतले.

"सर, आम्हाला लग्न करायचंय," कुशल म्हणाला.

"कोणाशी?"

"एकमेकांशी."

"कलमात 'कोणतेही नाते' असे शब्द आहेत. नवरा-बायको हे नाते आहे की नाही?"

"आहे, सर," कामाक्षी खाली बघत म्हणाली. तपासनीस म्हणून ती प्रामाणिक होती.

"पण सर, आमची भांडणं चालूच राहतील," कुशल घाईने म्हणाला. "लग्नानंतर उलट वाढतील."

"ती खात्री मलाही आहे. परंतु त्याचा पुरावा लग्नानंतरच मिळणार आणि मला तो आधी लागतो."

मी काही राक्षस नव्हे. मी तोडगा दिला. दोघे ज्या कामावर होते, त्यावर गिऱ्हाइकाची शेवटची सही झाली की त्यांनी खुशाल लग्न करावे. मग मी एकाला दुसऱ्या कामावर टाकणार होतो. सही तर महिन्याभरातच व्हायची होती.

काम होते 'सुरक्षित प्रस्थान' नावाच्या यंत्रणेचे. चेन्नईबाहेर ओरगडमला नव्यानेच उभ्या राहिलेल्या एका मोटारकारखान्यासाठी आम्ही ती करत होतो. उभी गाडी निघताना चाकाखाली काही असेल, दगड, झोपलेले मांजर, कोणाचे पाऊल, तर ब्रेक सुटतच नाही. कल्पना कुशलची होती. लहानपणी त्याच्या काकांच्या जीपखाली त्याचे मांजर गेले होते. 

त्याच आठवड्यात कामाक्षीचे वडील मालोजीराव मला भेटायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंध. त्यांचे मराठी माझ्याहून काही शतकांनी वडील होते.

"तुमचें मराठी बिघडलें आहे, राव," बसता बसता त्यांनी सांगितले. "आमचे वाडवडील तंजावरास घेऊन आले तें आम्ही तसेंच ठेविलें. असो. माप्पिळ्ळै, जांवई, गुणी आहे. सांगलीचा, तरी वत्तकुळंबु खातो. तै महिन्यांत मुहूर्त धरिला, मंडपम् घेतलें, नादस्वरवाल्यास सांगितलें. आणि तुमचें ऑफिस 'थांबा' म्हणतें. कशास?"

मी त्यांना मॉडेल, चौकोन, काच आणि कलम समजावून दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"म्हणजे गाडी निघाली म्हणजे लग्न?"

"साधारण तसंच."

"सरि. गाडी निघणें काय मोठें? लिंबू ठेवायचें, 'चला, पोगलाम्' म्हणायचें, निघायचें. अव्वळोदान, इतकेंच."

त्या वेळी मी ह्या वाक्याकडे लक्ष दिले नाही. कुशलने दिले नाही, कामाक्षीनेही दिले नाही.

ओरगडमच्या पहिल्या चाचणीला आम्ही निर्धास्त मनाने गेलो. पडद्यावर सगळे हिरवे होते. आमच्या पद्धतीत मॉडेल हिरवे झाले की खरी गाडी हा केवळ उपचार उरतो. कारखान्याचा अधिकारी व्यंकट हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. ड्रायव्हर नारायणस्वामीने नव्या गाडीला हळद-कुंकू लावले, हार घातला, कापूर ओवाळला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवले. मग गाडीत बसून त्याने हात जोडले आणि इंजिन सुरू केले. इंजिन घरघरले. गाडी जागची हलली नाही.

चाकांखाली वस्तू आढळल्यामुळे यंत्रणेने ब्रेक पकडून ठेवला होता. म्हणजे यंत्रणा शंभर टक्के पास झाली होती. फक्त गाडी निघत नव्हती. मी व्यंकटचे अभिनंदन केले, पण तो गुच्छ पुढे करेना.

"लिंबं काढा आणि पुन्हा चालवा," मी सुचवले.

"एडुक्ककूडादु, सार!" नारायणस्वामी ओरडला. एकदा ठेवलेले लिंबू चिरडल्याशिवाय काढायचे नसते, काढले तर गाडीला दोष लागतो, असे व्यंकटने मला इंग्रजीत समजावले आणि तो स्वतः दोन पावले मागे सरकला. जमलेल्या कामगारांपैकी एकही पुढे येईना. कुशल स्वतःला विज्ञानवादी म्हणवतो, पण त्याच्या मोटरसायकलला लिंबू-मिरची टांगलेली असते. तो आकाशाकडे बघू लागला. मी असल्या गोष्टी मुळीच मानत नाही. मीच लिंबे काढली असती, पण नेमके त्या दिवशी माझे मनगट दुखत होते.

परतल्यावर बैठक झाली. डिझाइनचे म्हणणे, गिऱ्हाइकाच्या अपेक्षांच्या यादीत लिंबू लिहिलेले नव्हते. व्हॅलिडेशनचे म्हणणे, लिहिलेले नव्हते म्हणून तपासले नाही. शोध घेता असे आढळले की नवी गाडी लिंबावरून निघते हे गिऱ्हाइकाला, डिझाइनला, व्हॅलिडेशनला आणि खालच्या कॉफीवाल्याला सुद्धा ठाऊक होते. सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे ते कोणी कोणाला सांगितले नव्हते. 'लिंबास अडथळा समजावे काय?' ह्या विषयावर दिवसभर चर्चा होऊन लिंबाचे मॉडेल करावे असे ठरले.

कुशलने लिंबाचे चौकोन काढले. गोलाई, साल, दाबल्यावर रस सुटण्याची क्षमता. कामाक्षीने काचेपलीकडे आपले वेगळे लिंबू काढले. स्वातंत्र्य टिकावे म्हणून नमुन्याची लिंबेही मी दोन ठिकाणांहून आणवली, डिझाइनची कोयंबेडूच्या बाजारातून आणि व्हॅलिडेशनची मैलापूरच्या एका दुकानातून. दोन्ही दुकानदार एकमेकांचे साडू निघाले. सगळी लिंबे बाद करून मला नव्याने, नात्यागोत्यात नसलेली लिंबे शोधावी लागली. ह्याला लोक हट्टीपणा म्हणतात.

दुसऱ्या चाचणीला गाडीने लिंबे ओळखली, ब्रेक सोडला आणि ती डौलात निघाली. टाळ्या वाजल्या. कामाक्षी कुशलकडे बघून हसली, मी खाकरलो आणि तिने तोंड फिरवले. तेवढ्यात व्यंकटने विनंती केली की आता चाकाखाली दुसरे काही ठेवून बघू. जवळ काही नव्हते म्हणून त्याने आपला जेवणाचा डबा ठेवला. गाडी त्यावरूनही डौलात गेली.

दहीभाताचे जे व्हायचे ते झाले. चपटा झालेला डबा हातात घेऊन व्यंकट बराच वेळ उभा होता. तो सकाळपासून उपाशी असावा. तपासात असे निष्पन्न झाले की मऊ आणि दाबले जाणारे जे जे काही, ते ते यंत्रणा लिंबू समजत होती. डब्यात लिंबाचे लोणचेही होते, ह्या मुद्द्यावर निकाल अंशतः बरोबर धरावा असा ठराव मी मांडला, पण व्यंकटचा मूड ठीक नव्हता.

"सर, मांजरसुद्धा मऊच असतं," कुशल हळू आवाजात म्हणाला.

इकडे मार्गळी महिना सरत आला. तै लागायला थोडेच दिवस उरले. मालोजीरावांचा सकाळ-संध्याकाळ फोन येई. "गाडी निघाली का?" एवढेच विचारत आणि उत्तर ऐकून "अय्यो" म्हणून ठेवून देत. कुशल तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. त्याने राजीनामा देण्याचा प्रस्ताव आणला. मी तो सहानुभूतीने तपासला. परंतु राजीनामा देणाऱ्याचे काम पूर्ण असल्याचा दाखला व्हॅलिडेशनने द्यायचा असतो, म्हणजे कामाक्षीने. होणाऱ्या नवऱ्याला सोडवण्यासाठी तिने दाखला देणे हा उघड उघड हितसंबंध झाला. मी राजीनामा नामंजूर केला.

एका दुपारी कामाक्षी केबिनमध्ये आली आणि न विचारता बसली.

"सर, लग्नासाठी माझी अत्तै, आत्या, तंजावरहून निघाली. अप्पा रात्रभर झोपत नाहीत. मी दिवसभर लिंबू तपासते, घरी जाऊन जेवायला बसले की ताटातलं लिंबूपण तपासते. मला व्हॅलिडेशन नको, सर. मला लग्न पायजे."

आणि ती रडू लागली. मला खरोखर वाईट वाटले. प्रक्रियेच्या माणसालाही मन असते. ती गेल्यावर मी चौकटीतल्या 'अनुकरणीय'कडे बघत बसलो आणि मला युक्ती सुचली. सगळी अडचण काढणारा आणि तपासणारा ही दोन माणसे असल्यामुळे होती. तपासणारे माणूसच काढून टाकले तर? डिझाइनच्या मॉडेलातूनच व्हॅलिडेशनचे मॉडेल यंत्राने आपोआप बनवावे. यंत्राला ना माहेर ना सासर. कामाक्षी मोकळी, कलम शाबूत. सहीची अट तेवढी राहिली, कारण तिचे जुने शेरे नोंदीत होते. डिझाइन आणि व्हॅलिडेशन यांचा हा संगम मी वरिष्ठांपुढे मांडला तेव्हा त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

कुशलनेही ह्या खेपेस डोके लढवले होते. एका चाकाखाली काही असेल तर ते मांजर असू शकते. पण चारही चाकांखाली, एकाच वेळी, सारख्या आकाराच्या चार वस्तू? चार मांजरे इतक्या शिस्तीने बसत नाहीत. तेव्हा चार असतील तर लिंबे, ब्रेक सोडावा. एरवी अडथळा, ब्रेक धरावा. त्यावरून यंत्राने तपासणी तयार केली आणि पडदा असा हिरवागार झाला की वरिष्ठांनी त्याचा फोटो काढून घेतला.

तिसऱ्या चाचणीला गाडी लिंबांवरून निघाली ती थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. फाटकाशी वॉचमनने नियमाप्रमाणे तिला थांबवले. नियमाप्रमाणे सलाम करून जायला सांगितले. गाडी जाईना. चाकांखाली आता काहीच नव्हते आणि चार लिंबे सोडून 'एरवी' जे काही असेल, त्यात काही नसणेही येते. ही गोष्ट तपासणीत सापडली नाही, कारण तपासणी त्याच वाक्यातून काढलेली होती. आपणच पेपर काढून आपणच सोडवला आणि आपणच तपासला, की नापास होणे अवघड जाते.

कँटीनमधून चार लिंबे आणून ठेवली तेव्हा गाडी निघाली. रस्त्यावर म्हैस आडवी आली, गाडी थांबली, पुन्हा चार लिंबे. त्या दिवशी कामगारांना लेमन राईस मिळाला नाही.

"सिग्नलला लोकांनी काय करायचं?" व्यंकटने विचारले. त्याच्या आवाजात पूर्वीचा आदर राहिला नव्हता.

"लिंबं जवळ बाळगावीत," मी म्हणालो. डिकीत एक पिशवी कंपनीतर्फे द्यावी, अशीही सूचना केली.

व्यंकटने शेवटचे बजावले. चार दिवसांत निर्दोष यंत्रणा मिळाली नाही तर काम दुसऱ्याला. काम दुसऱ्याला गेले तर सही कधीच होणार नव्हती आणि मुहूर्त पाचव्या दिवशी होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मग मी स्वतः बसून शेवटची सुधारणा केली. आजवरचा प्रत्येक दोष यंत्रणा काहीतरी करत असल्यामुळे उद्भवला होता. ब्रेक धरला तरी चूक, सोडला तरी चूक. तेव्हा यंत्रणेने ब्रेकला हातच लावू नये. शंका वाटली तर फक्त समोर एक पिवळा दिवा लावावा. आता यंत्रणेला शंका कधी वाटावी? लिंबे आहेत की मांजर, काही आहे की नाही, हे तिला कधीच नक्की कळत नव्हते. तेव्हा दिवा कायम लागलेला राहील, असे ठरले. यंत्राने तपासणी केली. पडदा हिरवा.

"सर," कुशल म्हणाला, "मांजर?"

"मांजराचा विचार पुढच्या आवृत्तीत."

"पण ड्रायव्हरने दिवा बघून करायचं काय?"

"सावध राहायचं."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग टेबलावरच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. वरच्या पत्रिकेवर हळद लावलेली होती. खूप वेळाने त्याने कळ दाबली आणि सॉफ्टवेअर बाहेर पडले. दोन दिवसांनी व्यंकटने सही केली. त्याला गाडी हललेली हवी होती, आणि ती हलत होती.

लग्न ठरल्या मुहूर्ताला, थाटात झाले. पहिल्या पंगतीला पुरणपोळी आणि वडै एकाच केळीच्या पानावर होती. आमच्या कंपनीने वरातीसाठी 'सुरक्षित प्रस्थान' बसवलेली नवीकोरी गाडी दिली होती, कारण वरिष्ठांना माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता. मालोजीराव जावयाच्या गाडीखाली लिंबे ठेवायला स्वतः वाकले, आणि लगेच "हुश्श! हुश्श!" करू लागले. मागच्या चाकाला टेकून मंडपमचे एक मांजर झोपले होते. ते उठायला तयार नव्हते. मालोजीरावांनी वेष्टी सावरून त्याला हाकलले, मग चारही बाजूंनी वाकून लिंबे ठेवली. ह्यात थोडा वेळ गेला आणि फोटोग्राफर कुरकुरला.

कुशलने गाडी सुरू केली. समोर पिवळा दिवा लागला.

"माप्पिळ्ळै, हें काय पेटलें?" खिडकीतून डोके घालून मालोजीरावांनी विचारले.

"काही नाही, अप्पा. तो असाच लागतो."

कामाक्षी दिव्याकडे बघत होती. जिने आयुष्यात कुशलचा एकही चौकोन न तपासता सोडला नव्हता, ती काहीतरी बोलणार असे मला वाटले. तिने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले, त्यातला एक मोठा मरून पोट्टू निवडला आणि दिव्यावर चिकटवला.

"आता नाही दिसत," ती म्हणाली.

दोघांचे इतके एकमत मी पूर्वी पाहिले नव्हते. गाडी लिंबे चिरडत निघून गेली.

ती गाडी पुढे बाजारात आली आणि चांगली खपली. तेव्हापासून तसला पिवळा दिवा निरनिराळ्या नावांच्या गाड्यांत बसतो. आपल्याही गाडीत तो असेल. तो का लागतो हे आपण एकदा गॅरेजमध्ये विचारले असेल आणि "साहेब, सेन्सरचं असतं, चालवा बिनधास्त" असे उत्तर ऐकून हायसे वाटून परतला असाल. कोणी त्यावर काळी पट्टी लावली असेल, कोणी गणपती चिकटवला असेल. आमच्या प्रक्रियेत ह्याला अंतिम व्हॅलिडेशन म्हणतात, आणि ते आपण रोज सकाळी, चाकाखाली न वाकता, चोख पार पाडता. कंपनी आपली आभारी आहे.

कलमाचे तेवढे पुन्हा सांगतो, कारण आमच्यावर पक्षपाताचा ठपका नको. तपासणाऱ्याचे आमच्याशी कोणतेही नाते असू नये. आपण आमचे कोणीही लागत नाही, ह्याची आम्ही आधीच खात्री करून घेतली आहे.